वस्तीतला फुटबॉल क्लब: वाचकांचे प्रश्न

मुलांच्या फुटबॉल क्लबांविषयी आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. वयोगट फुटबॉल शिकवणाऱ्या आणि क्लब चालवणाऱ्या मंडळींनी मिळून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: आमच्या तालमीचा मोठ्यांचा संघ शाहू स्टेडियमवर खेळतो. आता पेठेतल्या लहान पोरांसाठी क्लब काढायचा आहे. ५ ते १६ वयाची ७०-८० पोरं येतील. काही पहिल्यांदाच चेंडूला पाय लावणारी, काही रोज गल्लीत खेळणारी. एवढ्यांना एकत्र कसं शिकवायचं?
— एक कार्यकर्ता, कोल्हापूर

उत्तर: एकत्र शिकवूच नका. आधी वयानुसार गट पाडा, मग प्रत्येक गटात तयारीनुसार. बरेच क्लब 'चांगले' आणि 'नवीन' असे दोनच गट करतात. मग ७ वर्षांचा तयार पोरगा १२ वर्षांच्या पोरांत जातो, धक्के खातो आणि दिवाळीनंतर येईनासा होतो.

५ ते ७ वर्षांच्या पोरांना ३ नंबरचा चेंडू द्या. ३० मीटर लांब, २० मीटर रुंद मैदानात चार विरुद्ध चार खेळवा, गोलकीपर नको. गोलसाठी प्लास्टिकचे दोन कोन (शंकू) पुरतात. ८ ते १० वर्षांच्या पोरांना ४ नंबरचा चेंडू आणि सात विरुद्ध सात. मोठ्या मैदानाच्या एकेका अर्ध्या भागात आडवं एक, अशी दोन मैदानं सहज बसतात. गोल १२ फूट रुंद आणि ६ फूट उंच. ११-१२ वर्षांच्या पोरांसाठी चेंडू तोच, खेळ नऊ विरुद्ध नऊ. तेराव्या वर्षानंतर ५ नंबरचा चेंडू, पूर्ण मैदान आणि अकरा विरुद्ध अकरा. सात, नऊ, अकरा ही चढण इंग्लंडमध्ये आहे आणि अमेरिकेतही. कारण साधं आहे. पूर्ण गोलची आडवी दांडी २.४४ मीटरवर असते. सव्वाचार फुटांचा गोलकीपर तिथे कितीही उडाला तरी पोचत नाही. मग समोरची पोरं पास करायचं सोडून लांबूनच उंच किका मारतात. खेळ तिथेच बिघडतो.

आता तयारीचा मुद्दा. दहा वर्षांच्या गटात २४ पोरं असतील तर १२-१२ चे दोन भाग करा, पण ते कायमचे नकोत. दर सहा आठवड्यांनी नव्याने पाहा आणि पोरांची अदलाबदल करा. आठवड्यातून एक दिवस सगळी मिसळूनच खेळू दे. नवीन पोरगा तयार पोराकडे बघून जे उचलतो, ते ट्रेनरला तासभर सांगूनही जमत नाही.

लहान गटात दर १२ पोरांमागे एक ट्रेनर आणि एक मदतनीस हवा. मदतनीस म्हणून तालमीतलीच १५-१६ वर्षांची पोरं घ्या. चेंडू मात्र प्रत्येकाला एक, त्यात काटकसर नको. एकच चेंडू असला की रांग लागते. २० पोरांची रांग आणि प्रत्येकाला १० सेकंद धरले, तर पाळी तीन मिनिटं २० सेकंदांनी येते. २० मिनिटांत पोरगं सहा किका मारतं. उरलेला वेळ ते शेजारच्याला ढकलण्यात घालवतं, आणि ट्रेनर म्हणतो पोरं वांड आहेत.

आठ-दहा वर्षांच्या गटाचा सव्वा तास असा बसवता येईल. पहिली १० मिनिटं आलेल्या पोरांनी तीन-तीनच्या छोट्या संघांत खेळत सुटायचं, कोणाची वाट पाहायची नाही. पुढची १० मिनिटं प्रत्येकाकडे चेंडू: वळणं, थांबवणं, दोन्ही पाय. मग २० मिनिटं दोन विरुद्ध एक आणि तीन विरुद्ध दोन. त्यानंतर ३० मिनिटं सामना. शेवटची ५ मिनिटं कोन गोळा करायला आणि चेंडू मोजायला. मैदानाच्या फेऱ्या, व्यायामशाळेतल्या बैठका यांची या वयात गरज नाही. पळण्याचा व्यायाम सामन्यात आपोआप होतो.

एक इशारा तुमच्याच गावासाठी. कोल्हापुरात पेठेचा अभिमान लहान पोरांच्या सामन्यातही उतरतो आणि कडेला उभी असलेली मोठी माणसं 'मार, मार' ओरडायला लागतात. दहा वर्षांखालच्या गटात गुणतक्ता ठेवू नका आणि बक्षीस समारंभ तर नकोच. मोठ्यांसाठी दोर बांधा, मैदानापासून निदान तीन मीटर लांब.

प्रश्न: मुलगा ८ वर्षांचा आहे. क्लबने त्याला 'बी' संघात टाकलंय. सामना ४० मिनिटांचा असतो, पण तो खेळतो ५ मिनिटंच. सर म्हणतात, स्पर्धा आहे. हे बरोबर आहे का?
— एक आई, ठाणे

उत्तर: नाही. आठव्या वर्षी बेंचवर बसून कोणी शिकत नाही. सरांशी भांडण्याऐवजी त्यांच्यापुढे हा हिशेब ठेवा.

सात जणांचा खेळ, संघात १० मुलं, २०-२० मिनिटांचे दोन भाग. म्हणजे एका वेळी तीन मुलं बाहेर. ४० मिनिटांचे ५-५ मिनिटांचे आठ तुकडे करा. आठ तुकड्यांत तीन-तीन म्हणजे २४ वेळा कोणी ना कोणी बाहेर बसणार. दहा मुलांत वाटल्यावर सहा जण दोनदा बसतात आणि चार जण तीनदा. सहा मुलं ३० मिनिटं खेळतात, चार मुलं २५. पुढच्या सामन्यात तीनदा बसणारी चार मुलं बदलायची. कागद आदल्या रात्री तयार करून खिशात ठेवायचा आणि हातातल्या घड्याळावर शिट्टी मारून बदल करायचे. सामना सुरू असताना डोक्यात हिशेब केला तर घसा मोकळा करून ओरडणाऱ्या बापाचाच मुलगा आत राहतो, हे जवळपास ठरलेलं.

गोलकीपरही फिरता ठेवा, अर्ध्या भागाला एक. दहाव्या वर्षापर्यंत कोणालाही कायमचा गोलकीपर किंवा कायमचा बॅक (बचावपटू) करू नये.

अमेरिकेतल्या एवायएसओ या स्वयंसेवी संस्थेचा तर नियमच आहे, की प्रत्येक मूल निदान अर्धा सामना खेळलंच पाहिजे. ही संस्था १९६४ पासून चालू आहे, त्यामुळे हे प्रत्यक्षात जमत नाही असं कोणी म्हणू नये. क्लबमध्ये नाव घालतानाच खेळण्याच्या वेळेचा नियम लेखी मागा. लेखी द्यायला नकार मिळाला, तर तेच उत्तर समजा.

प्रश्न: १३ वर्षांखालच्या संघासाठी ३२ मुलं ट्रायलला येणार आहेत. दरवर्षी निवडीवरून पालक नाराज होतात. निवड कशी करावी म्हणजे कोणाला बोट दाखवता येणार नाही?
— एक प्रशिक्षक, पुणे

उत्तर: नाराजी पूर्ण जाणार नाही, पण वशिल्याचा आरोप टाळता येईल. चेंडू उडवायला लावणं, कोनांमधून घड्याळ लावून पळवणं हे बंद करा. त्यातून मूल कोनांमधून कसं पळतं एवढंच कळतं.

मुलांचे आठ-आठचे चार गट करा. प्रत्येक गटाला एक छोटं मैदान, ३० बाय २० मीटर, छोटे गोल, गोलकीपर नाही. बिबवर (संघ ओळखायला शर्टावर घालायची रंगीत बंडी) १ ते ८ आकडे. आता चार विरुद्ध चार असे सात सामने, प्रत्येकी ५ मिनिटांचे. पहिला १-२-३-४ विरुद्ध ५-६-७-८. दुसरा १-२-५-६ विरुद्ध ३-४-७-८. तिसरा १-२-७-८ विरुद्ध ३-४-५-६. चौथा १-३-५-७ विरुद्ध २-४-६-८. पाचवा १-३-६-८ विरुद्ध २-४-५-७. सहावा १-४-५-८ विरुद्ध २-३-६-७. सातवा १-४-६-७ विरुद्ध २-३-५-८.

ही मांडणी मुद्दाम अशी आहे. सात सामन्यांत प्रत्येक मूल बाकीच्या प्रत्येकाबरोबर बरोबर तीनदा एका संघात येतं आणि चारदा विरोधात. त्यामुळे 'त्याला चांगले साथीदार मिळाले' ही तक्रार उरत नाही. जिंकलेल्या संघातल्या प्रत्येकाला ३ गुण, बरोबरीला १, शिवाय संघाच्या प्रत्येक गोलला १. पाऊण तासात गुण फळ्यावर येतात आणि पालकांनाही दिसतात.

गुण म्हणजे निकाल नव्हे. दोन ट्रेनरनी एकमेकांशी न बोलता आपापली टिपणं ठेवावीत. चेंडू पायात येण्याआधी मान फिरवून कोण बघतो? चेंडू गेल्यावर कोण लगेच मागे धावतो? कमी गुणांचा पण असं करणारा मुलगा असेल तर त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवा. ट्रायल दोन दिवसांची हवीच. एका दिवशी ताप, परीक्षा, नवे बूट, काहीही असू शकतं.

जन्ममहिना यादीत लिहून ठेवा. आपल्याकडे बहुतेक वयोगट स्पर्धांची सीमारेषा १ जानेवारी असते. जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरवाल्यापेक्षा जवळपास वर्षाने मोठा असतो, तरी दोघे एकाच गटात. निवडलेल्या १६ पैकी १० जण जानेवारी ते मार्चमधले निघाले, तर तुम्ही खेळ नाही, उंची निवडली. तेराव्या वर्षी मिसरूड फुटलेला मुलगा आज चेंडू हिसकावून घेतो, पण दोन वर्षांत बाकीचे त्याच्या बरोबरीला येतात.

वय चोरणाऱ्यांसाठी एक ओळ: क्लबच्या पातळीवर जन्मदाखला शाळेच्या नोंदीशी ताडून पाहा. पुढच्या पातळीवर मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय तपासतात. तिथे मुलगा पकडला जातो आणि बदनाम होतो तुमचा क्लब.

प्रश्न: मुलाच्या टाचा दुखतात. वय ११. सकाळी उठल्यावर लंगडतो, खेळताना बरं वाटतं, संध्याकाळी पुन्हा दुखतं. मैदान मुरमाचं आहे, बूट चांगले महागाचे आहेत.
— एक वडील, नाशिक

उत्तर: बहुधा दुखण्याचं निम्मं कारण त्या महागाच्या बुटांतच आहे. लांब, कडक स्टडचे (तळाला टोकं असलेले) बूट गवताळ, मऊ जमिनीसाठी असतात. मुरमात स्टड रुतत नाहीत, मूल आठ-दहा टोकांवर उभं राहतं आणि प्रत्येक धक्का थेट टाचेत जातो. मुरूम, लाल माती आणि जुन्या कृत्रिम गवतावर तळाला बारीक रबरी ठिपके असलेले टर्फचे बूट घ्या. ते स्वस्तही पडतात. अंगठ्यापुढे बोटभरापेक्षा कमी जागा असू द्या. 'पुढच्या वर्षीही चालतील' म्हणून दोन नंबर मोठे घेतले की टाच आत सरकते आणि फोड येतात.

साधारण ८ ते १४ या वयात टाचेच्या हाडाचा वाढीचा भाग कच्चा असतो. पोटरीचे स्नायू त्याला मागून ओढतात आणि तो दुखतो. टाचेच्या दोन्ही बाजू अंगठा आणि बोटात धरून दाबल्यावर कळ आली, तर शक्यता हीच. आठवड्यातले खेळाचे दिवस निम्मे करा. पोटरी ताणण्याचा व्यायाम ३० सेकंद, तीनदा, सकाळ-संध्याकाळ. खेळून आल्यावर कापडातून १०-१५ मिनिटं बर्फ. बुटात टाचेखाली मऊ गादी, दोन्ही पायांत. वेदनाशामक गोळी देऊन सामना खेळवू नका. रात्री झोपेतून जाग येण्याइतकं दुखत असेल, सूज असेल, ताप असेल किंवा एकच टाच दुखून दोन-तीन आठवड्यांत फरक पडत नसेल, तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

प्रश्न: मे महिन्यात उन्हाळी शिबिर घ्यायचं आहे. किती वेळ, किती पाणी?
— नागपूर

उत्तर: नागपूरच्या मेमध्ये सकाळी ६ ते सव्वासात, त्यापुढे नाही. संध्याकाळचं सत्र ठेवू नका, जमीन सहा वाजताही तापलेली असते. कृत्रिम गवत मातीपेक्षाही जास्त तापतं, म्हणून 'टर्फ बुक केलंय' हा दिलासा नाही.

पहिला आठवडा ४० मिनिटांपासून सुरू करून वेळ हळूहळू वाढवा. परीक्षेसाठी दोन महिने घरात बसलेलं मूल पहिल्याच दिवशी सव्वा तास पळालं, तर चक्कर येणारच. ९ ते १२ वयाच्या मुलाला दर २० मिनिटांनी १०० ते २५० मिलिलिटर पाणी लागतं. मोठ्या मुलांना तासाला एक ते दीड लिटरपर्यंत लागू शकतं. तहान लागली तरच प्या असं सांगू नका, शिट्टी मारून सगळ्यांना थांबवा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं. ग्लासभर पाण्यात अख्खं पाकीट घातलं तर उलटी होते आणि धोकाही असतो. उपाशीपोटी कोणी येऊ नये: येण्याआधी पाऊण तास एक केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू पुरतो.

मूल अडखळत चाललं, विचारलेल्याला भलतंच उत्तर द्यायला लागलं, तर तो उष्माघात समजा, अंगावर घाम असला तरी. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता, मान, काखा आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवा आणि १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत थंड करणं थांबवायचं नाही. शुद्ध नीट नसेल तर तोंडाने पाणी पाजू नका. दोन बादल्या पाणी आणि थर्माकोलच्या पेटीत बर्फ मैदानावर रोज हवा, लागो वा न लागो.

प्रश्न: न्यू जर्सीत राहतो. मुलगी १० वर्षांची, टाऊनच्या 'रेक'मध्ये खेळते. इतर भारतीय पालक 'ट्रॅव्हल' संघात घालायचा आग्रह करतात. नाही घातलं तर ती मागे पडेल का?
— एक कुटुंब, एडिसन

उत्तर: दहाव्या वर्षी मागे पडत नाही. रेक म्हणजे टाऊनचा सर्वांसाठी खुला कार्यक्रम. आठवड्याला एक सराव, शनिवार-रविवारी एक सामना, शिकवणारे बहुतेक पालकच. ट्रॅव्हलसाठी निवडचाचणी असते, आठवड्याला दोन-तीन सराव, पगारी ट्रेनर, दुसऱ्या गावी सामने आणि वर्षभराची बांधिलकी. त्याच्याही वर मुलींसाठी ईसीएनएलसारख्या राष्ट्रीय लीग आहेत, पण तो विचार एवढ्यात कशाला?

निर्णय मुलीकडे बघून घ्या. सराव नसलेल्या दिवशी ती अंगणात स्वतःहून चेंडू घेऊन उतरते का? रेकच्या सामन्यात तिला सगळं फारच सोपं जातंय का? दोन्हीचं उत्तर 'हो' असेल तर चाचणीला जरूर न्या. नसेल तर रेकबरोबर हिवाळ्यात इनडोअर फुटसाल (छोट्या मैदानावरचा पाच-पाच जणांचा फुटबॉल) लावा. चेंडू पायाशी ठेवायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही.

क्लब निवडताना चार गोष्टी विचारा: संघात किती मुली आहेत (सात जणांच्या खेळाला ९-१० ठीक, १३ असतील तर ती बसूनच राहणार), खेळण्याच्या वेळेचा नियम काय, फी सोडून गणवेश, स्पर्धा आणि प्रवासाचा खर्च किती, आणि मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतात का. फीचा पहिला आकडा हा बहुतेक वेळा खर्चाचा अर्धाच भाग असतो.

आणखी एक. तिकडे वयोगट जन्मवर्षावरून ठरत होते. २०२६-२७ च्या हंगामापासून मोठ्या युवा संघटना १ ऑगस्ट ते ३१ जुलै या वर्षावर जात आहेत. मुलीचा वाढदिवस ऑगस्ट ते डिसेंबरमधला असेल तर तिचा गट बदलू शकतो, म्हणून चाचणीआधी क्लबकडून तिचा गट लिहून घ्या.

प्रश्न: हेडिंग (डोक्याने चेंडू मारणं) शिकवावं का? कोणत्या वयात?
— फोंडा, गोवा

उत्तर: दहा वर्षांपर्यंत अजिबात नको. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने २०१५ मध्येच दहा आणि त्याखालच्या मुलांसाठी सरावात आणि सामन्यातही हेडर बंद केला. ११ ते १३ या वयात सरावावर आठवड्याला ३० मिनिटं आणि प्रत्येकी १५-२० हेडर अशी मर्यादा घातली. इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात हेडर शिकवत नाहीत. बारा वर्षांनंतर सुरुवात हलक्या फोमच्या किंवा फुग्यासारख्या चेंडूने करा: कपाळाचा मधला भाग, डोळे उघडे, तोंड बंद, मान घट्ट. पावसात भिजून जड झालेल्या चेंडूने हेडरचा सराव घ्यायचाच नाही.

डोक्याला मार लागून मूल गोंधळलं, मळमळलं किंवा डोकं दुखतंय म्हणालं, तर त्या दिवशी ते पुन्हा मैदानात उतरणार नाही. 'पाच मिनिटं बस, मग बघू' हे नाही चालणार. डॉक्टरांनी सांगितल्यावरच परत, आणि तेही टप्प्याटप्प्याने.

प्रश्न: क्लबची नोंदणी, फी आणि ट्रेनरची पात्रता यांबद्दल थोडक्यात सांगाल का?
— सोलापूर, जळगाव, सांगली येथून आलेली पत्रं

उत्तर: निदान सात सदस्य, घटना आणि नियमावली तयार करून धर्मादाय कार्यालयात १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली अर्ज करा. महाराष्ट्रात अशी संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंदवली जाते. मग पॅन, दोन सह्यांचं बँक खातं, दरवर्षी लेखापरीक्षण. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. बहुतेक मंडळं इथेच आळस करतात आणि पुढे अनुदान किंवा मैदान मागायला गेली की अडकतात. त्यानंतर जिल्हा फुटबॉल संघटनेची संलग्नता घ्या. राज्याची संघटना म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, विफा. अधिकृत स्पर्धा खेळणाऱ्या मुलांची नोंद अखिल भारतीय महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन प्रणालीत होते. ती करताना नाव आणि जन्मतारीख दाखल्याप्रमाणेच टाका. एका अक्षराची चूक नंतर महिनोन्‌महिने छळते.

फीचा हिशेब नमुन्यादाखल, तुमचे आकडे घालून पाहा. दहा महिने चालणारा क्लब: मैदान दरमहा ८,००० म्हणजे ८०,०००. दोन ट्रेनर, दरमहा १०,००० प्रमाणे २,००,०००. तीन मदतनीस, ३,००० प्रमाणे ९०,०००. चेंडू, बिब, कोन ४०,०००. स्पर्धा, प्रवास, प्रथमोपचार ५०,०००. किरकोळ २०,०००. एकूण ४,८०,०००. पटावर ६० मुलं, म्हणून प्रत्येकी ८,००० असं बरेच जण ठरवतात आणि फेब्रुवारीत खिशातून घालतात. १० मुलांना फी माफ करायची आहे, आणखी ५ जण मध्येच सोडणार, म्हणजे भरणारी ४५. फी होते सुमारे १०,७००. माफी कोणाला आहे हे खजिनदाराखेरीज कोणालाही, ट्रेनरलासुद्धा, कळता कामा नये.

ट्रेनरसाठी महासंघाचा डी परवाना ही सुरुवातीची पायरी, त्यापुढे आशियाई महासंघाचे सी, बी, ए. बारा वर्षांखाली शिकवायला डी पुरेसा आहे. पण परवान्याइतकीच पोलीस पडताळणी महत्त्वाची. ट्रेनर आणि मूल एकटे कुठेही नकोत: ना गाडीत, ना कपडे बदलायच्या खोलीत, ना रात्रीच्या फोनवर. निरोप पालकांच्या गटावरच द्यायचे. गैरप्रकार कळला तर तो 'आपसात मिटवणं' हा पोक्सो (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या) कायद्याने गुन्हा ठरतो, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

प्रश्न: क्लबमध्ये ४० मुलगे आणि माझी मुलगी एकटी. वय ११. नाव काढू का?
— सातारा

उत्तर: काढू नका. बारा वर्षांपर्यंत मिश्र खेळात अडचण नाही. क्लबकडे तीन मागण्या करा. तिच्याबरोबर आणखी तीन-चार मुलींना पहिले दोन महिने मोफत घ्या, कारण एकटी मुलगी टिकत नाही, पाच टिकतात. मैदानाजवळ कडी लागणारं स्वच्छतागृह हवं. ते नसेल तर मुली पाणी प्यायचं टाळतात आणि उन्हात आजारी पडतात. आणि सरावाला एखादी बाई उपस्थित असावी, ट्रेनर नसली तरी चालेल. ढगळ शॉर्ट्स, लेगिंग्ज, पूर्ण बाह्या, जे घालून ती मोकळी खेळेल ते घालू दे. तेराव्यानंतर मुलींचा वेगळा गट लागेल, त्याची तयारी आतापासून.

प्रश्न: मुलगा १४ चा आहे, खूप चांगला खेळतो. एका 'स्काउट'ने दीड लाख भरल्यास मोठ्या अकादमीत निवड करून देतो असं सांगितलंय.
— औरंगाबाद रस्ता, अहिल्यानगर

उत्तर: देऊ नका. निवडीसाठी पैसे मागणारा स्काउट नसतो, दलाल असतो. महासंघ मान्यताप्राप्त अकादमींची तारांकित यादी प्रसिद्ध करतो, आधी त्यात नाव शोधा. रस्ते उघडे आहेत: शाळेकडून सुब्रतो करंडक (शाळांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा), जिल्हा आणि राज्य निवडचाचण्या, राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी. २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतूनच पुढे आला. दहावी मात्र सोडू देऊ नका. घोटा एकदा मोडला की सगळा हिशेब बदलतो.

प्रश्न: ऐकू न येणारा मुलगा नाव घालायला आलाय. कसं सामावून घ्यावं?
— रत्नागिरी

उत्तर: शिट्टीबरोबर रंगीत झेंडाही हलवा, म्हणजे बाकीच्यांसारखाच तोही थांबेल. सांगताना सूर्य तुमच्या पाठीशी नको, तोंडावर हवा, तरच त्याला तुमचे ओठ दिसतील. आधी करून दाखवा, मग बोला. 'थांब', 'बदल', 'मागे', 'शाब्बास' अशा पाच-सहा खुणा ठरवून सगळ्या संघाला शिकवा. श्रवणयंत्र खेळताना काढायचं की ठेवायचं, ते घरच्यांना विचारून ठरवा. बाकी काहीही वेगळं करायचं नाही.

प्रश्न: सोसायटीच्या मैदानावर लोखंडी हलवता येणारे गोल आणलेत. काही काळजी?
— डोंबिवली

उत्तर: ही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. असा गोल पुढे जड असतो. मुलं दांडीला लोंबकळली की तो पुढे कोसळतो आणि त्यात जगभर मुलं दगावली आहेत. मागच्या जमिनीवरच्या दांडीवर दोन्ही टोकांना वाळूने भरलेली दोन-दोन पोती दोरीने बांधा, नुसती ठेवू नका. माती मऊ असेल तर शिवाय यू आकाराच्या खुंट्या ठोका. मग मोठ्या माणसाने वरची दांडी पुढे ओढून पाहायची. मागची बाजू उचलली गेली तर वजन कमी आहे. खेळ संपला की दोन्ही गोल समोरासमोर तोंड करून साखळीने बांधून कुलूप लावा. जाळी दोरीने बांधायची, लोखंडी आकड्यांनी नाही. आकड्यात अंगठी किंवा बोट अडकतं.